कलावतीच्या पर्समधला प्लग

कलावती भालेरावच्या पर्समध्ये काय काय असतं ते मला आता तोंडपाठ आहे. रेल्वेचा पास, टेस्टर, एक पक्कड, ॲसिडिटीच्या गोळ्या, आणि जुन्या साडीच्या फडक्यात गुंडाळलेले तीन स्पार्क प्लग. स्पार्क प्लग म्हणजे अंगठ्याएवढी वस्तू, पण ती काढली की जनरेटरची दोरी हात तुटेपर्यंत ओढा, तो सुरू होत नाही. कलावती जनरेटर भाड्याने देते. गिऱ्हाईक ऐकेनासं झालं की ती वाद घालत बसत नाही. पाना लावते, प्लग काढते, फडक्यात गुंडाळते आणि पर्सची चेन ओढते.

त्या तीन प्लगांतला एक मी दिलेला आहे. तो तिथे कसा गेला ते सांगायचं आहे, आणि सांगताना माझी अब्रू जाणार असेल तर जाऊ दे.

मी हेमांगी. डोंबिवलीतल्या एका शाळेत एकतीस वर्षं गणित शिकवलं. माझा स्वभाव तापट आहे असं लोक म्हणतात. लोक गणितात कच्चे आहेत असं मी म्हणते. आई आणि मी दोघीच राहतो, ठाकुर्लीच्या बाजूला एका जुन्या बिल्डिंगच्या दुसऱ्या मजल्यावर. लिफ्ट नाही.

गेल्या वर्षी गणपती विसर्जन होऊन आठवडाभर झाला असेल, तेव्हा बिल्डिंगला येणारी जमिनीखालची केबल जळली. कोणी म्हणालं पाणी शिरलं, कोणी म्हणालं खोदकामात पहार लागली. दुरुस्तीला दोन दिवस लागतील असं कळलं. दोन दिवस म्हणजे निदान तीन, हे डोंबिवलीकराला वेगळं सांगावं लागत नाही. ज्यांना जाण्यासारखं होतं ते नातेवाइकांकडे गेले, बाकीचे ऑफिसात मोबाईल चार्ज करून आणू लागले. माझ्याकडे आई होती.

माझी आई सुहासिनी, वय वर्षं त्र्याऐंशी. तिची फुप्फुसं थकलेली आहेत, म्हणून नाकाला नळी आणि पलंगाशेजारी एक मशीन असतं. ते खोलीतली हवा घेतं आणि त्यातला प्राणवायू गाळून नळीतून देतं. पण त्याला वीज लागते. वीज गेली तर जवळ एक छोटा सिलिंडर असतो, तो पाच तास पुरतो. हॉस्पिटलात जायचं नाव आईने काढू दिलं नाही. आदल्या वर्षी ती तिथे अकरा दिवस होती. तिथे मला कोणी नावाने हाक मारत नाही, बेड नंबर चार म्हणतात, असं ती म्हणायची. चौतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरी केलेली बाई, तिला नंबरांचा कंटाळा आला असेल तर तिची चूक नाही. पहिली रात्र भाड्याने आणलेल्या सिलिंडरांवर काढली, पण पुढे ते मिळेनात. तेव्हा जनरेटर आणायचा ठरला, आणि औषधाच्या दुकानदाराने मला कलावतीचा नंबर दिला.

फोनवर तिने तीन गोष्टी विचारल्या. मशीन कसलं आहे, मजला कितवा, आणि मोकळी जागा आहे का. मी म्हटलं, आहे की, गॅलरी आहे.

सकाळी दहाच्या सुमारास ती छोट्या टेम्पोतून आली. पन्नाशीची, बारीक, साडीचा पदर कमरेला खोचलेला आणि पायांत कॅनव्हासचे बूट. आधी एकटीच वर आली आणि गॅलरी दाखवा म्हणाली. मी दाखवली. तिने वर बघितलं, तिन्ही बाजूंना बघितलं.

"ही खोली हाय, ताई," ती म्हणाली.

आता गॅलरीचं सांगायला हवं. आमच्याकडे फ्लॅटचा ताबा मिळाला की पहिल्या वर्षी गॅलरीला ग्रिल लागतं. मग पावसाचं पाणी आत येतं म्हणून सरकत्या काचा लागतात. मग तिथे वॉशिंग मशीन जातं, शिड्या जातात, जुन्या बॅगा जातात, एखाद्या घरी नातवाचं अभ्यासाचं टेबल जातं. इतकं सगळं झालं तरी तिला आम्ही 'बाहेर'च म्हणतो. टॉवेल बाहेर वाळत घाल. चपला बाहेर काढ. माझे वडील शेवटची चार वर्षं त्या गॅलरीत दिवाणावर झोपले, आणि पाहुण्यांना आम्ही सांगायचो, अण्णा बाहेर झोपतात. त्यामुळे ही बाई आमच्या गॅलरीला खोली म्हणाली तेव्हा मला तिचं हसू आलं. मी तिला समजावलं की ही गॅलरी आहे, हवी तर एक काच उघडी ठेवू.

"काच उघडी ठेवून पन मानूस मरतो. मशीनच्या धुरात एक गॅस असतो, त्याला वास नाय, रंग नाय. डोकं दुखतं, झोप येते, आणि मग उठायचं नसतं." एवढं बोलून ती खाली जाऊ लागली.

मी म्हटलं ठीक आहे, मशीन कुठेही ठेवा, पण वायर ही घ्या. ती वायर मी आदल्या संध्याकाळी एका ओळखीच्या माणसाकडून मुद्दाम करून घेतली होती, दोन्ही टोकांना पिना असलेली. एक टोक जनरेटरला, दुसरं घरातल्या सॉकेटला, की पंखे-दिवे सगळं घर चालू. मोबाईलवर कोणाचा तरी व्हिडिओ बघून मला ही अक्कल सुचली होती. कलावतीने वायर हातात घेतली, पर्समधून पक्कड काढली आणि मला न विचारता मधोमध कापून टाकली.

"नाक्यावर मानसं खड्ड्यात उतरून केबल जोडतायत," ती म्हणाली. "तुमच्या सॉकेटमधून करंट उलटा रस्त्यावर गेला तर त्यातला एक जाईल. कुठला गेला ते तुम्हाला कळनार पन नाय."

एकतीस वर्षांत माझ्या हातातली वस्तू घेऊन कोणी कापली नव्हती. मी संतापले. पण नाक्यावरच्या त्या पिवळ्या टोप्या मी सकाळीच दूध आणताना पाहिल्या होत्या, म्हणून वायरचे दोन्ही तुकडे उचलून मी कचऱ्याच्या डब्यात टाकले.

खाली आमचे चेअरमन मुकुलराव उभे होते. मुकुलराव तसे सज्जन माणूस, म्हणजे त्यांच्या गाडीच्या जागेत कोणी उभं राहीपर्यंत. ती जागा आवाराच्या अगदी टोकाला, भिंतींपासून लांब, वर मोकळं आकाश. कलावतीने पावलं मोजली आणि तिथेच बोट दाखवलं. मुकुलराव म्हणाले की जिन्याखाली मीटरच्या शेजारी ठेवा, पाऊस लागणार नाही, आवाज येणार नाही, कोणाच्या डोळ्यावर येणार नाही. ती म्हणाली की जिना म्हणजे धुराडं, सगळा गॅस वरच्या घरांत जाईल. मुकुलराव हसले आणि त्यांनी विचारलं, "आडनाव काय तुमचं?"

डोंबिवलीत हा प्रश्न नावाच्या नंतर आणि कामाच्या आधी विचारला जातो. मीही आयुष्यभर विचारत आले आहे, उगाच साळसूदपणा कशाला करू?

"भालेराव. आंबिवलीच्या चाळीतली, जयभीमवाली. अजून काय लिहून पायजे?" कलावती म्हणाली. "गॅसला आडनाव कळत नाय, साहेब. तो पयल्या मजल्यावर पन तसाच जातो." मुकुलराव पहिल्या मजल्यावरच राहतात.

ते नियमांवर आले. आवारात यंत्र चालवायचं नाही असा ठराव म्हणे झालेला आहे. कलावतीने ऐकून घेतलं, वाकली, पाना लावला, प्लग काढून पर्समध्ये टाकला आणि टेम्पोवाल्याला म्हणाली, चला, उचला. वर सिलिंडरचा काटा उतरत होता. मला दोघांचाही राग आला होता, पण त्यातला एकच माझ्या उपयोगाचा होता. मी मुकुलरावांना सांगितलं की तुमची गाडी संध्याकाळी सातपर्यंत ठाण्याला असते, तोवर जागा माझी, ठराव मला कागदावर दाखवा. कागद निघाला नाही. ते पाय आपटत गाडी काढून ऑफिसला गेले.

मशीन त्या जागेत बसलं. पायऱ्यांपासून ते किती लांब आहे ते मी टेप लावून मोजलं, चोवीस फूट भरलं. धुराचं तोंड रस्त्याकडे. वर चार पायांचा लोखंडी सांगाडा आणि त्यावर पत्रा, बाजू चारही उघड्या. भाजीवाल्याकडून भाजी घ्यायला आम्ही गॅलरीतून दोरीने टोपली सोडतो, त्या दोरीला बांधून जाड वायर वर ओढली. आईचं मशीन घुर्रर्र करून सुरू झालं. तिने डोळे उघडून विचारलं की कोण आलंय, आणि बाई आहे म्हटल्यावर तिला वर चहाला बोलाव म्हणाली. कलावती चालू मशीन सोडून हलली नाही. चहा टोपलीतून खाली गेला.

दर चार तासांनी मशीन बंद करायचं, वीस मिनिटं थंड होऊ द्यायचं, मगच पेट्रोल घालायचं, आणि पेट्रोलचा डबा घराचा जिना चढणार नाही. हे तिचे नियम. तेवढा वेळ आई सिलिंडरवर. मी घड्याळ लावून सगळं वहीत लिहीत होते आणि मनातून कुरकुरत होते. दुपारी मी खाली खुर्ची घेऊन बसले तेव्हा तिने स्वतःहून थोडं सांगितलं.

तिचा नवरा आनंद ठाकुर्लीला एका गाळ्यात जनरेटर दुरुस्त करायचा. सतरा-अठरा वर्षांपूर्वी, इकडे रोज तासन् तास लोडशेडिंग असायचं तेव्हाची गोष्ट. प्रत्येक दुकानासमोर फुटपाथवर एक मशीन भडभडत असे, त्यामुळे त्याला खूप काम. एका पावसाळी दुपारी त्याने चालू मशीन आत घेतलं आणि पाणी येऊ नये म्हणून शटर अर्धं खाली ओढलं. कलावती डबा घेऊन गेली तेव्हा तो स्टुलावर बसून भिंतीला टेकलेला होता. चहाचा अर्धा ग्लास शेजारी. लोक म्हणाले हार्ट ॲटॅक. नातेवाईक म्हणाले, बसल्या बसल्या गेला, भाग्यवान. कलावती भर रडारडीत उभी राहून म्हणाली की भाग्यवान नाही, अर्धं शटर. तिने पोस्टमॉर्टेम करायला लावलं, त्यावरून सासर तुटलं, दिराने सांगितलं मशीन विकून टाक. तिने विकली नाहीत. पाच होती. ती खोलायला, जोडायला शिकली आणि भाड्याने देऊ लागली.

खोपटला एका हळदीत पाऊस आला म्हणून मांडवाला चारी बाजूंनी ताडपत्री लावलेली, आणि मशीन भिजू नये म्हणून कोणी तरी ते स्टेजच्या मागे आत आणून ठेवलेलं. सगळं आवार नाचत होतं. कलावतीने ऐन गाण्यात मशीन बंद करून प्लग काढला. नवरीच्या मामाने हात उगारला. ती पर्स छातीशी धरून उभी राहिली आणि म्हणाली, मारा, पण मशीन रस्त्यापलीकडे गेल्याशिवाय प्लग देणार नाही. पाऊण तास हळद थांबली. मग चौघांनी मशीन पलीकडे नेलं, गाणं पुन्हा लागलं, आणि नवरीच्या आजीने तिला ताट वाढून पाठवलं. हे ती हसत हसत सांगत होती. मला मात्र ती बाई हट्टी वाटली. समंजस माणसाने थोडं जमवून घ्यावं, असं मला तेव्हा वाटलं होतं.

मुकुलरावांना संध्याकाळी गाडी रस्त्यावर लावावी लागली. त्यांनी सोसायटीच्या ग्रुपवर लांबलचक संदेश टाकला. रात्र कशीबशी गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी तीनला मशीन थंड व्हायला बंद केलं आणि कलावती डबा घेऊन पेट्रोल आणायला गेली. टाकीत थोडं शिल्लक होतं, पण ते रात्रीला पुरणार नव्हतं. जाताना नेहमीप्रमाणे प्लग काढून घेऊन गेली. मी विचारलं की हे कशाला, आपण काय परके आहोत का? ती म्हणाली, सवय आहे. मला ते लागलं.

ती गेली आणि धो धो पाऊस कोसळू लागला. तिचा फोन आला की पुलावर गाड्या अडकल्यात, अर्धा-पाऊण तास लागेल, आईंना सिलिंडरवर राहू द्या. काटा पावाच्या खाली होता. मी गणित केलं. मिनिटाला दोन लिटर धरून तासाभराचा प्राणवायू होता. गणित बरोबर होतं, तरी मी ते पुन्हा पुन्हा करत होते. तेवढ्यात मुकुलराव छत्री घेऊन आले. त्या दिवशी ते घरीच होते. अगदी गोड आवाजात म्हणाले, "आईंसाठी सांगतो हो. ती बाई तिचंच खरं करणार. आपल्या गॅलरीत ठेवू, काच उघडी ठेवू, संपलं."

आता खरं सांगते. मी घाबरले होते म्हणून हो म्हणाले असं मी पुढे सगळ्यांना सांगितलं. पण तेवढंच कारण नव्हतं. दहावी शिकलेली एक बाई दोन दिवस माझ्याच घरात मला हुकूम सोडत होती, आणि ते मला सहन होत नव्हतं. मुकुलराव आणि वॉचमनने मशीन उचलून वर आणलं. समोरच्या गॅरेजवाल्याने मशीनचा मोबाईलवरचा फोटो बघून तसाच प्लग दिला. तो मी स्वतः जाऊन आणला, भर पावसात. मुकुलरावांनी तो बसवला आणि मी माझ्या हाताने दोरी ओढली.

पाऊस आत येत होता म्हणून काच अर्धीच उघडी ठेवली. वायर यायला हवी म्हणून गॅलरीचं दार वीतभर किलकिलं ठेवलं. मुकुलराव म्हणाले, बघा, किती सोपं होतं, आणि घराचं दार लोटून खाली गेले. आईचं मशीन चालू झालं. तिच्या बोटाला मी ते रक्तातल्या प्राणवायूचा आकडा दाखवणारं यंत्र लावलं. एरवी तिचा आकडा ब्याण्णव, फार तर त्र्याण्णव. त्या दिवशी पंच्याण्णव दाखवला. मग शहाण्णव. मी वहीत लिहीत गेले. माझं डोकं ठणकू लागलं, ते मी चहा चुकल्याच्या नावावर टाकलं. दुपारभर बडबड करणारी आई गप्प झाली होती. हेमा, झोप येते गं, एवढंच म्हणाली. रात्री तिचा डोळा लागला नव्हता, म्हणून मला बरंच वाटलं. सत्त्याण्णव. अठ्ठ्याण्णव. गेल्या तीन वर्षांत आईचा आकडा इतका चांगला आला नव्हता. मला आठवतं, मी मनाशी ठरवत होते की कलावती आली की ही वही तिच्या पुढ्यात ठेवायची. पेन हातातून पडलं ते उचलावंसं वाटेना.

कलावती आवारात आली तेव्हा सांगाडा रिकामा होता आणि आवाज वरून येत होता. दोन जिने ती कशी चढली माहीत नाही. तिने दार सताड उघडलं, सिलिंडर आईच्या मांडीवर ठेवला, चादरीसकट आईला ओढत जिन्याच्या मोठ्या खिडकीपाशी नेलं, आणि मग परत येऊन मशीन बंद केलं. माझ्या दंडाला धरून मलाही बाहेर खेचलं. माझे पाय लटपटत होते, तरी मी वही सोडली नव्हती. मी ती तिच्यापुढे धरली आणि म्हणाले, बघा, अठ्ठ्याण्णव.

कलावतीने वहीकडे बघितलंही नाही. आईच्या चेहऱ्याकडे बघत ती म्हणाली, "आनंदचं तोंड पन असंच छान दिसत होतं. लोक म्हनाले, किती शांत गेलाय."

मला बाहेरच्या हवेत पाच मिनिटांत बरं वाटू लागलं होतं. तसं मी म्हटलं, तर ती माझ्यावर ओरडली. त्या दोन दिवसांत ती तेवढी एकदाच ओरडली. बरं वाटणं मोजायचं नसतं, अँब्युलन्स बोलवा, आणि हॉस्पिटलात आधी सांगा की बंद जागेत जनरेटर चालवला. मी सांगितलं. तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईने रक्त तपासलं आणि मला समजावलं की बोटाच्या यंत्राला प्राणवायू आणि तो विषारी गॅस यांतला फरक कळत नाही, ते दोन्ही एकत्र मोजतं. म्हणजे आई गुदमरत होती आणि आकडा वाढत होता. मी एकतीस वर्षं मुलांना सांगत आले की आकडा खोटं बोलत नाही. तो खोटं बोलला नव्हताच. तो काय मोजतोय हे मी विचारलं नव्हतं.

आई चार दिवसांनी घरी आली. हॉस्पिटलात शुद्ध आल्यावर तिने नर्सला पहिल्यांदा स्वतःचं नाव सांगितलं आणि ते बेडच्या पाटीवर लिहून घेतलं. घरी आल्यावर पलंगावरून गॅलरीकडे बघत म्हणाली, "ती खोलीच आहे गं." मी बाथरूममध्ये नळ सोडून रडले.

आमच्या नशिबाने केबलचा जोड आठवड्यात पुन्हा गेला. मी कलावतीला फोन केला. ती येईल का याची मला धाकधूक होती. ती अर्ध्या तासात आली, मुकुलरावांच्या जागेत मशीन लावलं आणि टोपलीची दोरी मागितली. त्या वेळी जिन्यात नवा कागद चिकटवलेला होता, चेअरमनच्या सहीचा. आवारात यंत्र लावणाऱ्यावर कारवाई करण्यात येईल. मी तो फाडला आणि माझी प्लास्टिकची खुर्ची नेऊन मशीनपासून दहा हातांवर, जागेच्या बरोबर तोंडाशी मांडली. भुरभुर पाऊस होता. मी छत्री उघडून बसले.

मुकुलरावांची गाडी त्या दिवशी लवकर आली, पाच वाजता. त्यांनी हॉर्न वाजवला. मी बसून राहिले. त्यांनी पुन्हा वाजवला, मग काच खाली करून नियम सांगू लागले. मी म्हटलं, गाडी रस्त्यावर लावा. आवाज ऐकून गॅलऱ्यांच्या काचा सरकू लागल्या. माणसं डोकावू लागली तसे मुकुलराव गाडीतून उतरले, जवळ आले आणि आवाज उतरवून म्हणाले, "हेमांगी, जास्त ताणू नका. त्या दिवशी मशीन वर न्यायला तुम्हीच हो म्हणाला होता. ते मी कोणाला बोललेलो नाही."

आठवडाभर मी याच वाक्याला भीत होते. ते कानावर पडलं आणि भीती संपली. मी उठून उभी राहिले आणि वर्गात मागच्या बाकापर्यंत जायचा तेवढा आवाज लावला.

"मग बोला. नाही तर मी बोलते. त्या दिवशी मी माझ्या आईला मारत होते आणि तुम्ही मला मदत करत होता. ह्या भालेरावबाई आल्या म्हणून ती वर जिवंत आहे. वीज येईपर्यंत मशीन इथेच राहणार, आणि पुढच्या वेळी कोणाच्याही घरी लागलं तरी इथेच. कारवाई करायची तर माझ्यावर करा."

पहिल्या मजल्यावरच्या काचेआडून मुकुलरावांच्या पत्नी बघत होत्या. त्या बाहेर आल्या आणि नवऱ्याला म्हणाल्या की गाडी रस्त्यावर लावा आणि वर या. मुकुलरावांनी गाडी मागे घेतली. मी पुन्हा खुर्चीत बसले. शेजारी उभ्या असलेल्या कलावतीने माझी वाकडी झालेली छत्री सरळ केली.

सहा वाजता मशीन बंद करायची वेळ झाली. पेट्रोल आणायला तिला जायचंच होतं. मशीन थंड होईपर्यंत आम्ही थांबलो. मग ती वाकली, पाना लावला, प्लग काढला, फडक्यात गुंडाळला, आणि माझ्याकडे सरळ बघत पर्समध्ये टाकला. इतकं सगळं ऐकूनही तिने तो माझ्याकडे ठेवला नाही. मला एवढंसंही वाईट वाटलं नाही. बरोबर होतं ते.

मी घरात जाऊन कपाटातून तो दुसरा प्लग घेऊन आले, गॅरेजमधून भर पावसात आणलेला आणि कलावतीने मशीनमधून काढून आमच्या गॅलरीतच सोडलेला. टाकून द्यायचं धाडस झालं नव्हतं आणि ठेवायचीही लाज वाटत होती. तो मी तिच्या हातावर ठेवला आणि म्हटलं, हा पण तुमच्याकडेच असू दे.

तिने तो फडक्यात गुंडाळला आणि पर्सची चेन ओढली.